वाचक विचारतात : ज्वारीचं माल्ट, दोघांचा रविवार आणि घरातली कुत्री

गेल्या अंकात ज्वारीला मोड आणण्याविषयी चार ओळींची टीप छापली होती. त्यावर आलेल्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मोडाच्या धान्यावरून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या माल्टवरून, बरेच वाचक बिअरकडे वळले आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरात रस्त्यावरून आणलेलं एखादं तरी कुत्रं आहे. निवडक पत्रांची उत्तरं इथं देत आहोत. धान्याची आणि जनावरांची बाजू सुटी करता येत नाही, म्हणून दोन्ही एकत्रच घेतल्या आहेत.

आम्ही दोघं नवरा-बायको सात वर्षं अमेरिकेत होतो. तिथं दर महिन्याला घरी वीस लिटर बिअर लावायचो. धान्य दळणं ह्यांच्याकडं, उकळणं-गाळणं माझ्याकडं. आता गावी परत आलोत. घरात सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि दोन कुत्री आहेत. इथं तेच करता येईल का?
— छत्रपती संभाजीनगर

बिअर करता येणार नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे आणि कायद्याच्या भाषेत बिअर ही दारूच. घरापुरती केली, विकली नाही, पाहुण्यांना दिली नाही, यानं फरक पडत नाही. अमेरिकेत १९७८ साली केंद्रीय कायद्यात सवलत आली. दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, स्वतःपुरती करायची मुभा मिळाली. ती सवलत तिथली. वाळूजला बिअरचे मोठे कारखाने आहेत, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वाळलेली फुलं) आणि यीस्ट ऑनलाइन घरपोच येतात, पण यांतल्या कशानंही घरगुती बिअरला परवानगी मिळत नाही.

पण तुमच्या हातात जे कसब आहे त्याचा मोठा भाग यीस्ट घालायच्या आधीचाच आहे. धान्याला मोड आणणं, ते वाळवणं, ठरावीक तापमानाला धरून त्यातल्या स्टार्चची साखर करणं, गाळणं, कडवट चवीसोबत उकळणं, झटकन गार करणं. इथवर दारूचा संबंध येत नाही. इथंच थांबा, उकळून घट्ट काढा करा आणि प्यायच्या वेळी गार सोड्यात मिसळा. रंग, फेस, भाजक्या धान्याचा वास, शेवटचा कडवटपणा हे सगळं राहतं. सासूबाई आणि मुलगीही तेच पिऊ शकतात. एका घरात एकाच पातेल्यातलं सगळ्यांना चालावं, हा आमच्या मते छोटा फायदा नाही.

ज्वारीचं माल्ट दोनदा केलं. एकदा बुरशी आली, दुसऱ्यांदा मोड छान आले पण वाळवल्यावर पीठ गोड लागलंच नाही. आमच्याकडं मालदांडी आहे. कुठं चुकायलंय?
— परभणी

मालदांडी उत्तम. पांढरी, टपोरी, तुरटपणा नसलेली. खरिपाची ज्वारी मात्र घेऊ नका. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात कणसं भिजून दाणा काळा पडतो, ती बुरशी दाण्याच्या आत असते आणि धुऊन जात नाही. अशा बुरशीची विषं उकळूनही पुरती जात नाहीत. कृषी केंद्रातलं बियाणंही नको. त्यावरचा लाल-गुलाबी लेप बुरशीनाशकाचा असतो. खाण्यासाठी साठवलेली, काढणीला महिना-दीड महिना झालेली रब्बी ज्वारी घ्या.

आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. तीन दिवसांत नव्वदच्या वर मोडले तरच पुढं जा. न मोडलेला दाणा भिजून नुसता पडून राहतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. तुमच्या पहिल्या खेपेला बहुधा हेच झालं असावं.

एक किलो ज्वारी तीन-चार पाण्यांनी धुवा, तरंगणारे दाणे काढून टाका. मग वीस ते चोवीस तास भिजवा, पण सलग नाही. दर सहा तासांनी पाणी ओतून द्या, चाळणीत तासभर उघडी ठेवा, मग नवं पाणी घाला. पाण्याखाली दाण्याचा श्वास कोंडतो, त्याला मधूनमधून हवा लागते. भिजवून झाल्यावर ओल्या गोणपाटावर दोन बोटं जाडीचा थर करा आणि वरून दुसरं ओलं गोणपाट घाला. दर सहा-आठ तासांनी हातानं उलथापालथ करून पाणी शिंपडा. थराच्या आत हात घातल्यावर कोमट लागावं, गरम नाही. २५ ते ३० अंश सेल्सियस हे योग्य तापमान. मे महिन्यात आपल्याकडं थराच्या आत ४० च्या वर जातं, दाणा आंबतो आणि वास येतो. येळवसच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या, थंडीत रात्री पारा बराच उतरतो, तेव्हा मोडाला दीड-दोन दिवस जास्त लागतात. नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे सगळ्यात सोपे महिने.

तीन ते चार दिवसांत कोंब दाण्याच्या दीडपट होतो. तिथं थांबवा. आता वाळवण. पीठ गोड न लागण्याचं कारण इथं असावं. ओल्या दाण्यातले एन्झाइम, म्हणजे स्टार्चची साखर करणारे घटक, जास्त उष्णता सोसत नाहीत. पत्र्यावर किंवा फरशीवर भर उन्हात टाकलेला ओला दाणा साठ अंशांच्या पुढं सहज जातो आणि एन्झाइम मरतात. बाजेवर पातळ सुती कापड अंथरा, एकाच दाण्याचा थर पसरा आणि पहिला दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवा. दाणा वरून कोरडा झाला की सकाळ-संध्याकाळचं ऊन द्या. दाताखाली कट्‌कन फुटला, चिवट वाटला नाही, म्हणजे झाला. तरी एक लक्षात ठेवा : नुसतं माल्टचं पीठ चाखलं तर ते फारसं गोड लागत नाहीच. खरी साखर पुढं कोमट पाण्यात होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाळलेले दाणे दोन्ही तळहातांत चोळून मुळ्या आणि कोंब मोडून काढा, सुपात पाखडा आणि ते पूर्ण वेगळे करा. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरीन नावाचा घटक असतो. चावल्यावर किंवा भिजल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. पोटरीआधीची कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात ते याच घटकामुळं, मराठवाड्यात हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. कोरड्या दाण्यात ते नसतं, मोडाबरोबर येतं. म्हणून ज्वारीचे हिरवे मोड मटकीसारखे उसळीला वापरू नका. पाखडून निघालेला कचरा कोंबडी, शेळी, कुत्रं यांच्यापुढं टाकू नका आणि उकंड्यावर उघडा ठेवू नका. हातभर खोल पुरा. माल्ट नेहमी झाकण न ठेवता, खिडकी उघडी ठेवून उकळा.

माल्ट दळून ६५ अंशांच्या पाण्यात दीड तास ठेवलं, पुस्तकात लिहिल्याप्रमाणं. नुसतं पिठाळ पाणी झालं, फडक्यातून गळेना.
— अंबाजोगाई

६५ अंशांचा नियम जवाचा, म्हणजे सातूचा आहे. जवाचा स्टार्च साठ-पासष्ट अंशांना फुलतो आणि एन्झाइमही त्याच तापमानाला जोमात असतात, म्हणून सगळं एका पातेल्यात एका दमात होतं. ज्वारीचा स्टार्च सत्तरच्या आसपास आणि त्याच्याही वर फुलतो. तोवर एन्झाइम मरायला लागलेले असतात. न फुललेल्या स्टार्चवर त्यांना काही करता येत नाही, म्हणून तुमचं पाणी पिठाळ राहिलं. उपाय असा : एन्झाइम आधी बाजूला काढून ठेवायचे, दाणा शिजवून घ्यायचा आणि मग ते परत आणायचे.

८०० ग्रॅम ज्वारीचं माल्ट रव्यासारखं जाडसर दळा. बारीक पीठ केलं की गाळताना फडकं बुजतं. ४५ अंशांच्या तीन लिटर पाण्यात कालवून अर्धा तास झाकून ठेवा, मधे दोनदा ढवळा, मग दहा मिनिटं हलवू नका. वर आलेलं निवळसर पाणी पळीनं साधारण एक लिटर काढून घ्या. एन्झाइम त्यात आहेत, ते तापवायचं नाही. खालचा घट्ट भाग अजून एक लिटर गरम पाणी घालून वीस मिनिटं रटरट शिजवा. आंबिलीसारखा घट्ट होतो आणि बुडाला लागतो, पातेलं जाड बुडाचं हवं. गॅस बंद करून ढवळत ढवळत ७२ अंशांवर आणा. आता काढून ठेवलेलं पाणी ओता, २०० ग्रॅम जाडसर भरडलेलं जवाचं माल्ट घाला. तापमान आपोआप ६३ ते ६५ वर येतं. नाही आलं तर अर्धी वाटी उकळतं किंवा गार पाणी पुरतं.

जवाच्या माल्टचा उपयोग दोन तऱ्हांचा. ज्वारीत कमी असलेला एक एन्झाइम त्यात भरपूर असतो आणि त्याचं टरफल गाळणीत चाळणीचं काम करतं. ज्वारीला टरफल नाही, म्हणून ती फडक्याला चिकटते. जव टरफलासकट मिळाला तर वरच्याच रीतीनं घरी मोड आणा. किराण्यात मिळणारा पॉलिश केलेला पांढरा जव मोडत नाही.

पातेलं गोधडीत गुंडाळून किंवा सगळं मोठ्या कॅसरोलमध्ये ओतून नव्वद मिनिटं ठेवा. दहा-पंधरा मिनिटांतच लापशी पातळ व्हायला लागते, ते डोळ्यांना दिसतं. शेवटी पांढऱ्या बशीत चमचाभर पाणी घेऊन जखमेवर लावायच्या आयोडीनचा एक थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च उरला आहे, अजून वीस मिनिटं थांबा. तपकिरी-पिवळं राहिलं तर झालं. बशीतलं पाणी फेकून द्या, पातेल्यात परत नको.

धुतलेल्या पंचातून गाळा, चोथ्यावर अर्धा लिटर गरम पाणी घाला आणि हलक्या हातानं पिळा. अडीच ते तीन लिटर गोड पाणी मिळेल. ते उघड्या पातेल्यात मध्यम आचेवर आटवून एक लिटरवर आणा, सव्वा तास तरी लागतो. पहिल्या पाच मिनिटांत दुधासारखं उतू जातं, तिथून हलू नका. गडद रंग आणि भाजका वास हवा असेल तर चार चमचे जवाचं माल्ट कढईत कॉफीच्या रंगावर भाजून मॅशमध्ये, म्हणजे नव्वद मिनिटं ठेवायच्या लापशीत, घाला. प्यायला एक भाग माल्टचा काढा आणि चार भाग गार सोडा मिसळा. हा काढा सोडा-मशिनमध्ये घालू नका. त्या यंत्रात फक्त पाणीच चालतं, माल्टचा फेस तोंडातून उसळून बाहेर येतो.

हॉप्स मागवले. पुडी कुत्र्यानं फाडली, पण खाल्लं नसावं. तेव्हापासून धास्ती बसली आहे. हॉप्स खरंच इतके वाईट असतात का?
— जालना

कुत्र्यांसाठी, हो. हॉप्सचं वाळलेलं फूल असो, गोळ्या असोत किंवा उकळून काढलेला चोथा असो, कुत्र्याच्या पोटात गेला की अंगातली उष्णता आवरेनाशी होते. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९.२ अंश असतं. हॉप्सच्या विषबाधेत ते ४१ च्या वर जातं आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. किती खाल्लं तर चालतं अशी कुठलीही मात्रा ठरलेली नाही, म्हणून अजिबात नाही हीच मात्रा धरायची. ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यांमध्ये असे प्रकार विशेष नोंदले गेले आहेत. आपल्याकडचा कारवान हाउंड त्याच सडपातळ, धावऱ्या बांध्याचा, त्याच्या घरात आम्ही दुप्पट काळजी घेऊ.

लक्षणं खाल्ल्यावर काही तासांत दिसतात. थांबत नाही अशी धाप, अस्वस्थ येरझाऱ्या, उलटी, छातीचे जलद ठोके, अंग चटके बसावेत इतकं गरम. शंका आली की थांबून बघू नका, लगेच पशुवैद्यकाकडं न्या. हॉप्सची पुडी सोबत न्या, केव्हा आणि किती गेलं असेल ते सांगा. वाटेत साध्या पाण्यानं पोट, पंजे आणि मांड्या ओल्या करा, गाडीच्या काचा उघड्या ठेवा. बर्फ लावू नका, वरची कातडी आकसते आणि आतली उष्णता अडकते. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. ताप आहे म्हणून माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी मुळीच नको, कुत्र्याला ती स्वतःच विषारी आहेत.

घरात हॉप्स ठेवायचेच असतील तर झाकणाला आटे असलेल्या डब्यात आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवा. लिटरभर काढ्याला पाच ग्रॅम गोळ्या पुरतात, कापडी पुरचुंडीत बांधून शेवटची तीस मिनिटं उकळा. पुरचुंडी निथळली की सरळ बांधलेल्या पिशवीत आणि घराबाहेरच्या झाकणबंद बादलीत टाका. माल्टच्या गोड वासानं कुत्रं कचऱ्याच्या डब्यात तोंड घालतंच, त्यात त्याची चूक नाही. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला अन्न शोधणं जन्मापासून शिकावं लागलेलं असतं. घरात आणून सहा महिने झाले म्हणून ती सवय जात नाही.

आमचं स्पष्ट मत : तुमच्याकडं कुत्री असतील तर हॉप्स घरात आणूच नका. हॉप्स येतात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यासारख्या थंड भागातून किंवा परदेशातून, आणि तुम्ही बसला आहात मोसंबीच्या जिल्ह्यात. बेल्जियममध्ये गव्हाच्या बिअरला संत्र्याची साल आणि धने घालायची जुनी रीत आहे, ती इथं तंतोतंत बसते. दोन मोसंब्या कोमट पाण्यात घासून धुवा, साल आतल्या पांढऱ्या भागासकट काढा, कडवटपणा त्या पांढऱ्या भागात असतो. साल पंधरा मिनिटं उकळा. एक चमचा धने जाडसर कुटून शेवटच्या पाच मिनिटांत घाला. त्याहून कडू हवं असेल तर अर्धा चमचा भाजलेली मेथी. उकळलेली साल कुत्र्यापुढं टाकू नका, पोट बिघडतं.

आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की किटलीत पांढरा थर बसतो. चालेल का? आणि उकळलेलं गार करायला नळाखाली धरायला सांगतात, तेवढं पाणी आणायचं कुठून?
— लातूर

२०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथून हा प्रश्न यावा हे समजतं. नळाखाली धरायची पद्धत विसरा. थंडगार पाणी धो-धो वाहतं अशा देशांतली ती रीत आहे. आदल्या दिवशी प्लास्टिकच्या लिटरच्या चार बाटल्या पाण्यानं पाऊणभर भरून फ्रीजरमध्ये गोठवा. पातेलं मोठ्या टोपात ठेवा, भोवती आठ-दहा लिटर साधं पाणी ओता, आतला काढा दांड्यानं हलवत राहा. दहा मिनिटांनी पाणी गरम झालं की ते बादलीत काढून भांडी घासायला ठेवा, दुसरं पाणी घाला आणि त्यात गोठलेल्या बाटल्या सोडा. लिटर-दीड लिटर काढा अर्ध्या तासाच्या आत हाताला गार लागतो. त्या पाण्यातला थेंबही वाया जात नाही.

जडपणाचं म्हणाल तर किटलीतला थर पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळं येतो आणि तो उकळून तळाशी बसवता येतो. पाणी पंधरा मिनिटं उकळा, रात्रभर ठेवा, सकाळी वरचं निवळ ओतून घ्या, तळाची पांढरी साय टाका. तरीही अशा पाण्यात मॅश अल्कधर्मी होते आणि एन्झाइम आळसावतात. सामू, म्हणजे पीएच, ५.२ ते ५.६ हवा. पीएचच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात. जास्त आला तर लिंबाचा रस अर्धा-अर्धा चमचा घालत मोजा. अर्धं आरओचं आणि अर्धं बोअरचं पाणी हाही चांगला तोडगा. नुसतं आरओ घेऊ नका, एन्झाइमना थोडं कॅल्शियम लागतं. भाजकं माल्ट आंबटपणाकडं झुकतं, म्हणून जड पाण्यात गडद काढा फिक्यापेक्षा चांगला उतरतो.

नगरपालिकेचं पाणी असेल तर क्लोरीनची काळजी घ्या. माल्टशी मिळून त्याला दवाखान्यासारखा वास येतो आणि तो नंतर काढता येत नाही. आधीच उकळा किंवा रात्रभर उघडं ठेवा.

माल्टच्या पाण्यात गूळ आणि आलं घालून काचेच्या बाटलीत भरलं. ओट्यावर दोन दिवस ठेवलं होतं, रात्री बाटली फुटली. सकाळी कुत्रं लंगडत होतं.
— नांदेड

हवेत, गुळात, आल्याच्या सालीवर रानटी यीस्ट असतंच. गोड, कोमट पाणी मिळालं की ते कामाला लागतं. दहा ग्रॅम साखरेतून सुमारे अडीच लिटर वायू निघतो, बंद बाटलीत त्याला जायला जागा नाही. तुम्ही यीस्ट घातलं नाही, तरी त्यात दारू तयार व्हायला लागली होती. म्हणून माल्टचा काढा फक्त फ्रीजमध्ये, फक्त चार दिवस. उरलेला बर्फाच्या साच्यात गोठवा, महिनाभर टिकतो. न आंबलेला गोड काढा बाटलीबंद करून बाहेर ठेवण्यात आणखी एक धोका आहे. त्याचा आंबटपणा कमी असतो आणि बंद, हवा नसलेल्या जागेत बॉट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढू शकतात. त्याला वासही येत नाही, फेसही येत नाही.

अजून भरलेल्या बाटल्या असतील तर हात लावण्याआधी डोळ्यांवर चष्मा, अंगात जाड बाह्या. एकेक बाटली जाड गोधडीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. पाच-सहा तासांनी वायू पाण्यात विरतो, मग गोधडीतच, तोंड बाहेरच्या बाजूला करून झाकण हळूहळू सैल करा. आतलं मोरीत ओता. कुत्र्याला चाटू देऊ नका, त्यात दारू असते आणि कुत्र्याला ती थोडीही बाधते.

काचेचा चुरा झाडूनं निघत नाही. मऊ मळलेल्या कणकेचा गोळा फरशीवर टेकवत फिरवा, बारीक कण त्याला चिकटतात. गोळा लगेच गुंडाळून बाहेर टाका. कुत्र्याचा पंजा बोटांच्या मधून उजेडात बघा. काच दिसली आणि टोक बाहेर असेल तरच चिमट्यानं काढा, आत रुतली असेल तर डॉक्टरांनाच काढू द्या. यापुढं भरायचंच झालं तर सोड्याच्या प्लास्टिक बाटल्या वापरा, त्या दाबून पाहता येतात.

गाळून उरलेला चोथा कुत्र्यांना घालावा का? किलोभर धान्याचा केवढा निघतो, फेकवत नाही.
— धाराशिव

घालावा, पण तीन अटींवर. हॉप्स, साल किंवा मेथी घालायच्या आधीचा हवा, ज्वारीचे कोंब-मुळ्या पाखडून काढलेल्या असाव्यात आणि तो त्याच दिवशी शिजवलेला किंवा गोठवलेला असावा. आपल्या उन्हाळ्यात ओला चोथा चार तासांत आंबायला लागतो. आंबलेला चोथा आणि कच्ची यीस्टची कणीक यांनी कुत्र्याच्या पोटात वायू आणि दारू दोन्ही तयार होतात, पोट फुगतं.

दोन वाट्या पिळलेला चोथा, दीड वाटी ज्वारीचं पीठ, एक अंडं आणि दोन चमचे बिनमिठाचं शेंगदाण्याचं कूट एकत्र मळा. करंगळीएवढ्या जाडीचे तुकडे पाडून १७५ अंशांवर अर्धा तास भाजा, मग ओव्हन १०० अंशांवर आणून दोन तास वाळवा. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर दोन्हीकडून भाजून दिवसभर उन्हात जाळीखाली ठेवा. मधे मऊ राहिलं तर दोन दिवसांत बुरशी धरतं, म्हणून तोडून बघा. फ्रीजमध्ये पंधरा दिवस. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला दोन तुकडे पुरे. पोटभर जेवण हे नव्हे. कान खाजवायला लागला, पातळ झाली तर बंद करा. मनुके, चॉकलेट, कांदा, लसूण यांतलं काही घालू नका. विकतचं पीनट बटर असेल तर लेबलवर झायलिटॉल (कुत्र्यांना विषारी असलेला गोड पदार्थ) नाही ना, ते पाहा.

येळवसची उरलेली आंबील कुत्र्याला देता येते का, असंही याच पत्रात विचारलं आहे. तिच्यात लसूण, मिरची आणि मीठ असतं, म्हणून नको. फोडणीआधी बाजूला काढलेली साधी ताकातली चालते.

दोघं नोकरीला, लेकरं पाच आणि आठ वर्षांची, घरात तीन कुत्री. एका रविवारात हे सगळं बसवायचं कसं?
— बीड

मोड आणणं रविवारात घेऊ नका. ते आठवडाभर चालू द्या, सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटांचं काम आहे आणि आठ वर्षांचं लेकरू गोणपाटावर पाणी शिंपडू शकतं. वाळलेलं माल्ट हवाबंद डब्यात दोन महिने राहतं. रविवारी फक्त मॅश आणि उकळणं. सकाळी सातला सुरुवात केली तर साडेबारापर्यंत भांडी घासून होतात.

कामं अर्धी-अर्धी वाटण्यापेक्षा जागा वाटून घ्या. एकानं गॅसपाशी राहायचं : थर्मामीटर, ढवळणं, उतू न जाऊ देणं. दुसऱ्यानं ओट्याच्या खालचं सगळं बघायचं : लेकरं, कुत्री, सांडलेलं, कचरा. मधे अदलाबदल करायची असेल तर ती नव्वद मिनिटांच्या विश्रांतीत करा, कारण तेव्हा पातेलं गोधडीत असतं आणि कुणी भाजत नाही. सगळ्यात धोक्याच्या वेळा दोन. शिजवलेली उकळती लापशी ७२ अंशांवर आणताना आणि उकळी येताना. त्या वीस-वीस मिनिटांत कुत्री बाहेर किंवा दार लावलेल्या खोलीत हवीत. पायात घोटाळणारं कुत्रं आणि हातात चार लिटर उकळतं पातेलं हे एकत्र येऊ देऊ नका. पातेलं उचलण्याऐवजी पळीनं काढता आलं तर काढा.

कुत्र्यांचे केस पेयात येतात ही तक्रार बरेच जण करतात. गाळल्यानंतर गार होईपर्यंत पातेल्यावर ओलं सुती कापड ताणून बांधा आणि त्या तासाभरात पंखा बंद ठेवा. भांडी आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं, मग उकळत्या पाण्यानं. ब्लीच वापरायचंच असेल तर चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा, दहा मिनिटं, आणि नंतर उकळून गार केलेल्या पाण्यानं दोनदा खंगाळा. स्टीलच्या भांड्यात ते जास्त वेळ ठेवू नका, खड्डे पडतात. व्हिनेगर किंवा संडासाच्या ॲसिडसोबत कधीही मिसळू नका.

एक वही ठेवा, दोघांच्या हातची. तारीख, ज्वारी कुठली, मोडाला किती दिवस, तापमानं, आयोडीनचा रंग, काढा किती निघाला. पुढच्या खेपेला चव बिघडली की कुणाचं चुकलं यावर वाद होत नाही, वहीत बघता येतं.